येतो, येते आणि कॉमेर

मावळातला पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस उघडण्याचे नाव घेत नाही. घोरावडेश्वराचा डोंगर ढगांत बुडून जातो. बेगडेवाडीच्या स्थानकावर लोकलची वाट पाहणारी माणसे अंग चोरून छपराखाली उभी राहतात आणि शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेचा ओढा होतो. अशाच एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक मावशी कार्यालयाच्या दारात छत्री मिटत उभ्या राहिल्या. अशा वेळी कोणी आले तर मिस्सेचा हेतू सांगायला, नाहीतर बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येते. आम्ही नोंदवही उघडून बसलो होतो. मावशींनी पदराने तोंड पुसले आणि विचारले,

“फादर, तुम्हाला स्वीडिश येतं का?”

धर्मगुरूला सगळ्या भाषा येतात अशी एक भोळी समजूत आमच्या लोकांत आहे. तिला आम्ही सेमिनरीवालेच थोडेबहुत जबाबदार आहोत. प्रवचनात एखादा लॅटिन किंवा ग्रीक शब्द फेकण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. पुण्याच्या नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत शिकताना लॅटिनच्या विभक्ती आम्ही घोकल्या, ग्रीक क्रियापदांशी झटापट केली, हिब्रूची अक्षरओळखही झाली. स्वीडिशचा मात्र आमच्या सात पिढ्यांत संबंध नव्हता. आम्ही तसे प्रांजळपणे सांगितले.

“मग शिका ना,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही शिकलेली माणसं. मला चार वाक्यं शिकवलीत तरी पुरे.”

त्यांचे यजमान चिंचवडच्या एसकेएफ कारखान्यात कामाला होते. लोकलने रोज जाणे-येणे करीत त्यांनी मुलाला अभियंता केले. मुलगा नोकरीनिमित्त स्वीडनमधील योटेबोरी या शहरात गेला. इंग्रजीत त्यालाच गोथेनबर्ग म्हणतात. तिथेच त्याने लग्न केले. सून तिकडचीच. नात आठ वर्षांची झाली. दर रविवारी फोन होतो, पडद्यावर चेहरा दिसतो, पण नातीला मराठी समजते ते ‘आजी’, ‘जेवलीस का’ एवढेच. बाकीचे बोलणे मुलाच्या दुभाषेपणातून.

“नात माझी, पण तिच्याशी बोलायचं तर पोराच्या तोंडून. मधे तिसरा माणूस असला म्हणजे आजी-नातीचं गूज राहतं का, फादर? परवा ती काहीतरी बोलली, पोरगा हसला, पण मला सांगितलंच नाही. मी नुसती बघत बसले.”

थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “जाताना विमानतळावर पोरगा ‘येतो, आई’ म्हणाला होता. जातो नाही म्हणाला. ते ‘येतो’ मी अजून धरून बसलेय.”

याला नाही कसे म्हणावे? मुलाने एक पाठ्यपुस्तक पाठवून दिले आणि वयाच्या पन्नाशीनंतर आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो. शनिवारी संध्याकाळी पाप-निवेदनाची वेळ संपली की मावशी येत आणि आमचा वर्ग भरे. वर्गात एक गुरू आणि एक शिष्या; दोघेही एकाच पाठावर!

वाचकांपैकी काहींना वाटेल, कुठे स्वीडन आणि कुठे मावळ! परंतु पुणे-लोणावळा लोकलने नित्य प्रवास करणाऱ्यांना तसे वाटू नये. दापोडीला उतरा, तिथे सँडविक आहे, अ‍ॅटलास कॉप्को आहे, अल्फा लावल आहे. चिंचवडला एसकेएफ आहे. ही सारी मूळची स्वीडिश घराणी. दुधातून साय वेगळी काढणारे यंत्र बनवून गुस्ताफ दे लावल यांनी १८८३ साली अल्फा लावलचा पाया घातला. एसकेएफचा जन्म १९०७ साली त्याच योटेबोरी शहरातला. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी घरांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटली. त्या देशाचे पोलाद आमच्या लोकांनी आयुष्यभर हाताळले. भाषा तेवढी हाताळायची राहिली होती.

पहिला धडा नात्यांचा. तो मावशींनीच मागितला, आणि तिथे आमचे काम फारच सोपे झाले. इंग्रजीने आपली सारी नाती एका पोत्यात भरून टाकली आहेत. काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळ्यांना एकच शब्द. स्वीडिश तसे करीत नाही. ‘फार’ म्हणजे वडील, ‘मूर’ म्हणजे आई. आत्या ती ‘फास्तेर’, मावशी ती ‘मुस्तेर’. काका तो ‘फार्ब्रुर’, मामा तो ‘मुर्ब्रुर’. म्हणजे वडिलांचा भाऊ आणि आईचा भाऊ तिथेही वेगळे. आजीच्या बाबतीत तर ती भाषा आपल्याही पुढे गेली आहे. आपण दोघींनाही आजीच म्हणतो. तिकडे वडिलांची आई ‘फार्मुर’ आणि आईची आई ‘मुरमुर’.

“म्हणजे मी फार्मुर. आणि ती विहीणबाई मुरमुर?” मावशींना हसू आवरेना. “मुरमुऱ्यांचा लाडूच की!”

मुलाची मुलगी ती ‘सोनदॉत्तेर’. सोन म्हणजे मुलगा, दॉत्तेर म्हणजे मुलगी. “सोन म्हणजे सोनंच,” असे म्हणून मावशींनी तो शब्द कायमचा खिशात टाकला. आम्हीही मग उत्साहाने त्यांना सांगितले की, दॉत्तेर आणि संस्कृतातील दुहिता हे एकाच घरातले शब्द आहेत. तसेच त्यांचा ‘दू’ म्हणजे आपला तू, ‘नाम्न’ म्हणजे नाम, ‘तान्द’ म्हणजे दंत, ‘त्रे’ म्हणजे त्रि. कलकत्त्याला न्यायाधीश असलेल्या सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात असे मांडले. पुढच्या अभ्यासकांनी त्या कुटुंबात उत्तर युरोपातील भाषाही आणल्या. फार पूर्वी वेगळ्या झालेल्या बहिणींची मुले जशी नाकाडोळ्यांवरून ओळखू यावीत, तसे हे शब्द.

एका शब्दाने मात्र गंमत केली. ‘मी’ याला स्वीडिशमध्ये लिहितात ‘याग’, परंतु बोलताना शेवटचा ग गळतो आणि उरते नुसते ‘या’. मावशींच्या कानाला ‘या’ म्हणजे आमंत्रण. “तिकडे माणूस ‘मी, मी’ म्हणतो तेव्हा आपल्याला ‘या, या’ ऐकू येतं. चांगलं आहे की!” त्या म्हणाल्या. यावर आम्ही काय बोलणार?

शब्द जमू लागले तसे वाक्यांकडे वळलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी बसते, हे आपण शिकावे लागत नाही, ते अंगात असते. ‘मी आज चहा पितो’, ‘आज मी चहा पितो’, ‘चहा मी आज पितो’. पुढची माणसे जागा बदलतात, परंतु क्रियापद घरातल्या कर्त्या पुरुषासारखे शेवटी येऊन दार लावून घेते. स्वीडिश क्रियापदाची जागा वेगळी. ते दुसऱ्या खुर्चीवर बसते आणि तिथून हलत नाही.

‘या द्रिकेर ते इदाग’. शब्दशः ‘मी पितो चहा आज’. इथे पहिल्या खुर्चीवर ‘मी’, दुसरीवर ‘पितो’. आता ‘आज’ला पुढे आणायचे असेल तर? आमच्यासारखा नवशिका म्हणेल, ‘इदाग या द्रिकेर ते’. हेच चुकते. ‘आज’ पहिल्या खुर्चीवर बसला, तर ‘मी’ने उठून क्रियापदाच्या पलीकडे जावे लागते. ‘इदाग द्रिकेर या ते’, म्हणजे ‘आज पितो मी चहा’. चहाला पुढे आणा, तरी तेच. ‘ते द्रिकेर या इदाग’, ‘चहा पितो मी आज’. पहिल्या जागेसाठी सगळे भांडोत, दुसरी जागा क्रियापदाची राखीव.

आणखी एक बारकावा. पहिल्या खुर्चीवर एकच शब्द बसतो असे नाही. ‘एफ्तेर मेस्सान द्रिकेर वी काफ्फे’, म्हणजे ‘मिस्सेनंतर पितो आम्ही कॉफी’. ‘एफ्तेर मेस्सान’ हे शब्द दोन, पण जागा एक, जसे आईच्या मांडीवरच्या मुलाचे वेगळे तिकीट लागत नाही. एवढेच काय, अख्खे वाक्य त्या पहिल्या जागेवर बसू शकते. ‘नेर रेङ्नेत कॉमेर, लेसेर या’, ‘पाऊस येतो तेव्हा, वाचतो मी’. ‘पाऊस येतो तेव्हा’ ही सारी पहिली खुर्ची, आणि लगेच दुसरीवर ‘वाचतो’. प्रश्न विचारताना मात्र पहिली जागा रिकामी सोडून क्रियापद पुढे करतात. ‘कॉमेर दू?’, ‘येतेस तू?’ आपल्या ‘का’ची तिथे गरज पडत नाही. जागा बदलली की प्रश्न झाला.

असे का, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. उत्तर बहुधा क्रियापदाच्या शेपटीत आहे. मराठीत ‘येतो’ म्हटले की बोलणारा पुरुष आहे हे कळते, ‘येतेस’ म्हटले की समोर स्त्री आहे हे कळते, ‘येतात’ म्हटले की अनेकजण आहेत हे कळते. कर्ता सांगितला नाही तरी चालते. स्वीडिशमध्ये मी, तू, ती, आम्ही, ते, सगळ्यांना एकच ‘कॉमेर’. पूर्वी लेखनात अनेकवचनाचे वेगळे रूप होते, तेही विसाव्या शतकाच्या मध्यास मावळले. ज्या क्रियापदाच्या अंगावर काही खूण नाही, त्याच्या भाषेत कोण कुठे बसला यालाच महत्त्व येते. आपल्याकडे शब्द ओळखपत्र खिशात घेऊन हिंडतात, म्हणून कुठेही बसू शकतात. तिकडे बसण्याची जागा हेच ओळखपत्र.

ही दुसऱ्या खुर्चीची रीत फक्त थंड देशांतलीच आहे असे मात्र कोणी समजू नये. जर्मन व डच भाषांत ती आहेच. आणि आपल्या देशात काश्मिरीतही आहे. श्रीनगरच्या बाजारात माणूस क्रियापद दुसऱ्या जागेवर ठेवून बोलतो, हे वाचले तेव्हा आम्हाला जग एकदम लहान वाटले.

मावशींना हे नियम आम्ही फार सांगितले नाहीत. त्यांनी वाक्येच्या वाक्ये गळ्यात उतरवली. एका ठिकाणी मात्र त्या अडल्या आणि त्यांच्यासोबत आम्हीही अडलो. ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘हूसेत’ म्हणजे ते अमुक घर. इंग्रजी लोक हा निर्देश शब्दाच्या पुढे जोडतात. स्वीडिश लोक तो मागे चिकटवतात. ‘बूक’ म्हणजे पुस्तक, ‘बूकेन’ म्हणजे ते पुस्तक. ‘तोग’ म्हणजे गाडी, ‘तोगेत’ म्हणजे ती गाडी. आता शब्दाच्या शेवटी त आला की मराठी कान सप्तमी ऐकतो. घरात, गाडीत, पावसात! नात म्हणाली ‘हूसेत’, की मावशी समजत ‘घरात’. दोन भाषा सारख्या दिसतात तिथेच ठेच लागते, हे आम्ही वहीत लिहून ठेवले. पुढे तीच ठेच आम्हाला लागायची होती.

काही ठिकाणी मात्र अगदी माहेरी आल्यासारखे वाटे. ‘फार्मुर्स हूस’ म्हणजे ‘आजीचे घर’. क्रम तोच, आणि ‘चे’च्या जागी एक ‘स’. रुग्णालयाला ते म्हणतात ‘आजाऱ्यांचे घर’, रेल्वेला म्हणतात ‘लोखंडी वाट’, म्हणजे आपला लोहमार्गच. विनंतीसाठी त्यांच्याकडे रोजच्या वापरातला सुटा शब्द नाही. आपणही ‘कृपया’ हे पाटीवर लिहितो, घरात कोण म्हणतो? आपण ‘जरा देता का’ म्हणतो, ते वाक्याच्या शेवटी ‘ताक’ म्हणजे आभार जोडतात.

आदरार्थी बोलण्याचा प्रश्न मावशींनी काढला. “ती मला ‘दू’ म्हणते, म्हणजे तूच ना?” आम्ही होय म्हटले, आणि सांगितले की तिकडे आता लहानथोर सगळ्यांना ‘दू’च म्हणतात. पूर्वी तसे नव्हते. पदवी लावून, तृतीय पुरुषात बोलावे लागे. ‘डॉक्टरसाहेब चहा घेणार का?’ असे समोरच्या डॉक्टरलाच विचारत. १९६७ साली वैद्यकीय खात्याचे प्रमुख झालेल्या ब्रूर रेक्सेद यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणणार असे जाहीर केले आणि तेव्हा वाहू लागलेल्या वाऱ्याला त्यांचे नाव चिकटले. मावशींना यात नवल वाटले नाही. “नातवंडानं आजीला तूच म्हणायचं असतं. अहोजाहो केलं की आजी लांब गेली.”

असे करता करता नाताळ आला आणि गेला. मावशी आता भ्रमणध्वनीवर लहान लहान आवाजी निरोप पाठवू लागल्या, नात उत्तर देऊ लागली. तिचे बोलणे समजले नाही की मावशी ते आम्हाला ऐकवायला आणीत. दुभाषा बदलला होता, एवढेच. परंतु हा दुभाषा त्यांनी स्वतः निवडलेला होता.

एप्रिलच्या अखेरीस असाच एक निरोप आला. मुलगी भरभर बोलत होती. आम्ही दोनदा ऐकले. ‘पाप्पा सेयेर आत्त वी…’ म्हणजे ‘बाबा म्हणतात, की आम्ही…’; आणि पुढे स्पष्ट ऐकू आले, ‘कॉमेर ई सॉम्मार’, ‘येतो उन्हाळ्यात’. स्वीडिश नकार ‘इन्ते’ हा शब्द क्रियापदाच्या मागे येतो, हे आम्ही शिकलो होतो. ‘वी कॉमेर इन्ते’, ‘आम्ही येत नाही’. अगदी मराठीसारखे, म्हणून ते मनात पक्के बसले होते. कॉमेरच्या मागे कान देऊन पाहिले. तिथे इन्ते नव्हता. उन्हाळाच होता. आम्ही आनंदाने सांगितले, “मावशी, ते या उन्हाळ्यात येणार आहेत!”

मावशी काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोरानं मला सांगितलं नाही. म्हणजे अचानक दारात उभा राहणार. मीही विचारायची नाही.”

तिकडची शाळेची सुटी जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. त्यांचा उन्हाळा म्हणजे मावळातला मुसळधार पाऊस. मावशींनी मे महिन्यात गळके पत्रे बदलून घेतले, बाहेरच्या खोलीला रंग काढला, गादी पिंजून घेतली. हे सारे आम्ही येता-जाता पाहत होतो आणि मनातून सुखावत होतो. आपण शिकलेली विद्या एका घरात रंगरंगोटी होऊन उतरली, याचा थोडा अभिमानही झाला, हे कबूल केले पाहिजे.

मे महिना संपत आला असता एका रात्री आम्ही पुस्तकातील पुढचा पाठ उघडला. विषय होता गौण वाक्ये. त्यात लिहिले होते की, ‘की’सारख्या शब्दाने जोडलेल्या वाक्यात नकार आपली जागा बदलतो. तो क्रियापदाच्या मागे राहत नाही, पुढे येऊन बसतो. स्वीडिश शिक्षक हा नियम चार शब्दांच्या आद्याक्षरांनी पाठ करून घेतात. ती अक्षरे जुळवली की ‘बिफ’ होते, आणि बिफ म्हणजे तिकडे ताटातला मांसाचा तुकडा, त्यामुळे विद्यार्थी तो विसरत नाहीत. उदाहरण होते, ‘हून सेयेर आत्त हून इन्ते कॉमेर’, ‘ती म्हणते, की ती येत नाही’.

आम्ही पुस्तक मिटले. मराठीत ‘बाबा म्हणतात, की आम्ही येणार नाही’ असे म्हटले तरी नाही शेवटीच राहतो. जोडवाक्यात आला म्हणून तो उठून पुढे जात नाही. आम्ही मराठी कानाने स्वीडिश ऐकले होते. जिथे नाही शोधायला हवा होता तिथे आम्ही शोधलाच नव्हता. मुलीच्या घाईच्या बोलण्यात ‘वी’ आणि ‘कॉमेर’ यांच्यामध्ये काहीतरी पुसट होते खरे. तो श्वास असावा असे आम्ही धरून चाललो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. आम्हाला संत बिर्गित्ताची आठवण झाली. चौदाव्या शतकातील ही स्वीडिश संत, १३७३ साली रोममध्ये निवर्तली. तिचे दर्शनांचे शब्द तिच्या मातृभाषेतले. ते लॅटिनमध्ये उतरवण्याचे काम तिच्या मार्गदर्शक धर्मगुरूंनी केले. त्यांनी एखादा ‘इन्ते’ गाळला असता तर? फादर थॉमस स्टीफन्सही आठवले. १५७९ साली इंग्लंडहून गोव्याला आलेला हा माणूस ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचतो, ते १६१६ साली छापले जाते, आणि त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोलला छापले जाते. पुराणाचे कौतुक आपण सारे करतो. ज्याने पुराण रचले त्याला व्याकरणही लिहावेसे का वाटले असेल, हे आम्हाला त्या रात्री कळले. परक्याच्या भाषेत बोलणे हे परक्याच्या घरात वावरणे आहे. कोणती वस्तू कुठे ठेवतात हे ठाऊक नसेल, तर अंधारात काहीतरी फुटते.

सकाळची मिस्सा आटोपून आम्ही पायीच निघालो. मावशी ओट्यावर गहू निवडीत होत्या. नव्या रंगाचा वास अजून येत होता. आम्ही निरोप पुन्हा ऐकवायला सांगितले. या खेपेस कान योग्य जागी लावला. होता. ‘वी’च्या पाठीला चिकटून, अर्धवट गिळलेला, पण होता. ‘पाप्पा सेयेर आत्त वी इन्ते कॉमेर ई सॉम्मार’.

“मावशी, आमची चूक झाली,” आम्ही म्हणालो. “ते येणार नाहीत असं ती सांगत होती.”

पाप-निवेदनाच्या खिडकीच्या या बाजूला बसण्याची आम्हाला सवय. त्या दिवशी आम्ही पलीकडे होतो. मावशींचे हात सुपात थांबले. त्या आमच्याकडे न पाहता म्हणाल्या,

“मला पण तसंच वाटलं होतं, फादर. तुम्ही येणार म्हणालात, पण पोरीचा आवाज येणार सांगणाऱ्या पोरीचा नव्हता. येणार असती तर ओरडून सांगितलं असतं तिनं. पण तुम्ही शिकलेले, म्हणून तुमचं खरं धरलं.”

आम्ही खाली मान घातली. आम्ही शब्दांच्या जागा मोजत बसलो. ज्यांना व्याकरण ठाऊक नव्हते, त्यांनी आवाज ऐकला होता.

“आणि रंग?” आम्ही विचारले.

“घराला रंग हवाच होता. पत्रे तर गळतच होते. तुमच्या चुकीनं माझं घर कोरडं झालं म्हणा.”

रविवारी त्यांनी मुलाला सरळ विचारले. सासूबाईंची मोठी शस्त्रक्रिया जुलैमध्ये ठरली होती, त्यांच्याजवळ दुसरे कोणी नव्हते, आणि आईला कसे सांगावे या विचारात तो महिनाभर गप्प राहिला होता. नातीला गप्प बसणे जमले नाही, एवढेच. मावशी शनिवारी वर्गाला आल्या. वाटले होते, आता वर्ग संपला. त्या बसल्या आणि म्हणाल्या, “मुरमुर कशी आहे, हे कसं विचारायचं?”

‘हूर मोर मुरमुर?’ कशी, आहे, आजी. प्रश्नार्थक शब्द पहिल्या खुर्चीवर, क्रियापद दुसऱ्या. त्यांनी ते चार-पाच वेळा म्हटले आणि निरोप पाठवला. पुढे मात्र त्या मराठीत बोलल्या. त्यातले नातीला किती कळले असेल, आम्ही सांगू शकत नाही. त्या सांगत होत्या, “आणि हे बघ बाळा, फोन ठेवताना तू ‘हे दो’ म्हणतेस ना, ते तिकडच्यांना म्हण. मला ‘येते’ म्हणायचं. आपल्यात जाताना जाते म्हणत नाहीत. म्हण बरं, येते.”

‘आपल्यात’ हा शब्द ऐकून आम्ही थबकलो. हा लेख लिहिताना आम्ही ‘आम्ही’ म्हणतो, तेव्हा वाचक त्या ‘आम्ही’च्या बाहेर उभे असतात, ‘आपण’ म्हटले की आत येतात. स्वीडिशमध्ये दोहोंना एकच ‘वी’. योटेबोरीतल्या त्या मुलीला मावशींनी एका शब्दात बेगडेवाडीच्या घरात घेतले होते, आणि त्याचे भाषांतर करायला आमच्याकडे शब्द नव्हता. बरेच झाले. त्याचे भाषांतर करण्याची गरजही नव्हती.

जुलैच्या अखेरीस, बाहेर पाऊस कोसळत असताना, उत्तर आले. मुरमुर बरी आहे. ‘नेस्ता सॉम्मार कॉमेर वी’, ‘पुढच्या उन्हाळ्यात येतो आम्ही’. आम्ही ते तीनदा ऐकले, प्रत्येक शब्द कागदावर लिहिला. काळ पहिल्या जागी, क्रियापद दुसऱ्या, कर्ता तिसऱ्या. कॉमेरच्या पुढेही इन्ते नाही, मागेही नाही. मगच आम्ही तोंड उघडले.

मावशींचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. निरोपाच्या अगदी शेवटी, थोडे थांबून, एक शब्द आला होता. जीभ अडखळत होती, ‘त’ जरा जाडच होता.

“येते.”

कर्ता त्यात सांगितलेला नव्हता, तरी कोण ते कळत होते. पुरुष, लिंग, वचन, सारे त्या एका शब्दात होते. मावशींनी यंत्र कानापासून दूर केले नाही. वचन या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, हे त्यांना आम्ही शिकवण्याची आवश्यकता नव्हती.